सगळ्यांत कमी आकडा

मृत्यू माणसाला सत्यासमोर उभे करतो, असे दशक्रियेला महाराज म्हणाले. सुकलालभाऊंच्या बाबतीत ते जरा अवघड होते. शेवटचा महिनाभर त्यांना उठून बसताही येत नव्हते.

लिंबायतच्या कामगार वस्तीत आमची घरे भिंतीला भिंत लागून. मी निवृत्त शाळामास्तर; भाऊ लूमच्या कारखान्यात मागांवर देखरेख करणारे मास्टर होते. मागावरच्या मीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता; कापड स्वतः मोजून पाहिल्याशिवाय ते बाहेर जाऊ देत नसत. तरुणपणीच्या काविळीने त्यांचे लिव्हर पुढे निकामी होत गेले. दारूला ते कधी शिवले नाहीत, पण दारूबंदीच्या राज्यात लिव्हर बिघडलेल्या माणसाकडे लोक आदराने पाहतात... कुठून मिळवत असेल, म्हणून.

मग गल्लीत तपासणी शिबिर झाले. आम्हा साठीपुढच्या सगळ्या पुरुषांचे रक्त प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीएसए नावाच्या तपासणीला गेले. भाऊंचा आकडा सगळ्यांत कमी आला. त्यांनी पेढे वाटले, रिपोर्ट लॅमिनेट करून कारखान्यात गणपतीच्या फोटोशेजारी लावला. माझा आकडा जास्त होता. डॉक्टरांनी सगळे तपासून, वयाची वाढ आहे, घाबरू नका, म्हणून सोडले. भाऊंनी मात्र सोडले नाही. "मास्तर, मना आकडा तुमना पेक्षा कमी शे," हे मला येता-जाता ऐकावे लागे.

पुढे त्यांची कंबर दुखू लागली, लघवी अडू लागली, तेव्हा वहिनींनी मला सोबत पाठवले. लिव्हरच्या डॉक्टरांनी समजावले की लिव्हर थकले की शरीरातले पुरुषी हार्मोन घटते आणि त्यासोबत हा आकडाही खाली राहू शकतो. "कमी आकड्यावर जाऊ नका. मागून बोट घालून प्रोस्टेट तपासून घ्या," ते म्हणाले. भाऊंनी डॉक्टरांच्या बोटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. बाहेर आल्यावर म्हणाले, "आकडा चांगला शे, मंग बोट कसाले?" वहिनींनी विनवले, मी वाद घातला. आयुष्यभर मीटरला खोटे ठरवणाऱ्या माणसाने नेमके हेच एक मीटर खरे मानले.

शेवटी तपासले तेव्हा कॅन्सर हाडांत पोहोचला होता. आकडा वाढला होता, पण फार नाही. पलंगावरून त्यांनी हळूच विचारले, "आते बी तुमना पेक्षा कमी शे ना?" मी खरे तेच सांगितले... कमीच होता.

कारखान्यात आता त्यांचा फोटो त्या रिपोर्टशेजारी लागला आहे. हार मोठा आणला गेला, तो दोघांना पुरतो. परवा माझी पुन्हा तपासणी झाली. आकडा अजूनही माझाच जास्त आहे.