झुलालच्या काचा

अठ्ठावन्न साली झुलाल फोटोवाला गेला, तेव्हा भडगावचा बाजार दुपारपर्यंत बंद होता. अंत्ययात्रेत सगळ्यात मागे, तोंड कडू करून उखर्डू पाटील चालला होता. लोक रडत होते आणि हा गडी कोण जास्त रडतंय ते बघत होता.

झुलाल होताच तसा. गरिबाघरच्या लग्नात पेटी-कॅमेरा घेऊन न बोलावता हजर व्हायचा आणि फोटो फुकट द्यायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावकऱ्यांचं नाटक बसवायचं तर पडदे हा रंगवणार, गॅसबत्त्या हा आणणार, मिशीवाल्या पैलवानाला लुगडं नेसवून सीतेसारखं चालायला हाच शिकवणार. बाजाची पेटी मात्र इतकी बेसूर वाजवायचा की प्रेक्षक हात जोडायचे. लग्न त्याने केलं नाही. गाव म्हणायचं, देवमाणूस. उखर्डू म्हणायचा, पाणी कुठेतरी मुरतंय.

ते कुठे मुरतंय हेही त्याला ठाऊक होतं, निदान तसं त्याला वाटत होतं. त्याची आई वारली त्या वर्षी, भर दुपारी, बाजाराला म्हणून गेलेली त्याची बायको बेबाबाई त्याने झुलालच्या स्टुडिओच्या मागल्या दाराने बाहेर पडताना पाहिली होती. घरी विचारलं तर म्हणाली, बाजारात होते. पुढे पंधरवड्यात झुलाल घरी आला आणि चौकटीत बसवलेला आईचा फोटो देऊन गेला. कानबाई देवीच्या मिरवणुकीत गर्दीचा फोटो काढला होता, त्यात म्हातारी सापडली, तेवढीच मोठी केली, असं म्हणाला. पैसे घेतले नाहीत. उखर्डूने फोटो भिंतीवर लावला, रोज सकाळी हार घालून पाया पडू लागला, पण मनात म्हणे, घरात पाय ठेवायला सबब काढली लेकाने. तेव्हापासून नवरा-बायकोत कामापुरतंच बोलणं. कावीळ झालेल्याला जग पिवळं, तशातली गत. विचारायची हिंमत नाही आणि सोडायची दानत नाही.

झुलालची बहीण सुनंदाबाई चाळीसगावहून आली. स्टुडिओ रिकामा करायचा होता. तिने दवंडी दिली, ज्याच्या घरचा फोटो असेल त्याने आपली काच, म्हणजे फोटोची निगेटिव्ह, घेऊन जावी. उखर्डू सगळ्यांच्या आधी पोचला. बेबाबाईची काच तिथे असली तर आपला संसार खोटा, नसली तर आपण खोटे, एवढाच हिशेब डोक्यात होता. एकेक काच खिडकीशी धरून तो बघत गेला. उजेडाचं काळं आणि काळ्याचा उजेड, नवरी भुतासारखी.

आणि ती सापडली. कमरेपर्यंतची बाई, मांडीवर हात, मनगटावर गोंदलेला विंचू. तो विंचू त्याने लग्नात अंतरपाट सरला तेव्हा पाहिला होता. 

"कोननी काच दखी राह्यनात, भाऊ?" सुनंदाबाईने काच हातात घेतली. लहानपणापासून भावाला मदत करत आलेली ती. "डोकाले पीठ लायेल शे, म्हनीसन काचवर केस काळा दिखतस. तोंडवरन्या सुरकुत्या सुईनी खरवडेल शेतस. पोरगीनी म्हातारी करेल शे."

उखर्डूने पुन्हा पाहिलं. अंगावरचं लुगडं बायकोचं नव्हतं. ते आईचं होतं. घरातल्या फोटोत तोंड आणि खांदेच होते. विंचू दिसू नये म्हणून हात कापून टाकले होते.

बेबाबाई त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आत्याचीच सून होऊन आलेली. नाक, कपाळ, हनुवटी आत्याचीच, हे सगळी भावकी सांगायची. आणि म्हातारीचा फोटो आयुष्यात कोणी काढलाच नव्हता.

घरी येऊन त्याने काच तिच्यापुढे ठेवली. ती भाकरी थापत होती. हात पुसून तिने काच पाहिली.

"माय गयी तवय तुम्ही जेवनबी सोडं व्हतं," ती म्हणाली. "मायनं तोंडच डोयासमोर येत नही म्हनीसन रडेत. झुलालदादानी सांगं, तू बस, मी माय करी देस."

"मंग सांगं का नही?" त्याने विचारलं. "मी काय काय समजनू तुले."

"माले माहीत व्हतं तुमना मनमा काय शे. पन मी सांगती तं तुमनी माय परत मरती."

तव्यावरची भाकरी करपली. ज्या बाईवर मनातल्या मनात थुंकलो, तिच्याच रोज पाया पडलो, या विचाराने उखर्डूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. झुलालची माफी मागावी तर तो राख होऊन गिरणा नदीत गेलेला. त्याने डोळे मिटले आणि आईला हाक मारली. चेहरा आला तो फोटोतला. पुन्हा आठवून पाहिलं, पुन्हा तोच. खरी आई कुठेच सापडेना.

तो चुलीजवळ खाली बसला.

"मनी माय कशी दिखे, सांग बरं," तो म्हणाला.

बेबाबाईने तवा उतरवला आणि सांगायला लागली.