काँगोत टीव्ही, झांबियात चपला

अमेरिकेत राहून आफ्रिकेत संसार करणारे गृहस्थ मी एकच पाहिले, ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. मूळचे नागपूरचे, नोकरी आयटीतली, अपार्टमेंट अर्विंगमध्ये आणि जीव टांगानिका सरोवरात. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ‘खचदरी’ हा शब्द वाचला आणि हे तिथे जे उतरले ते वर आलेच नाहीत, असं मावशी म्हणते. प्रत्यक्ष सरोवर मात्र त्यांनी पाहिलेलं नाही. अमेरिकेबाहेर पाय ठेवला तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकून पडायची धास्ती. म्हणून त्यांनी सरोवरच घरी आणलं. हॉलच्या मधोमध सोफ्याएवढी लांब काचेची टाकी, तीही होकायंत्र लावून बरोबर दक्षिणोत्तर ठेवलेली.

त्या दिवसापासून सरोवराकाठच्या चार देशांत हॉलची फाळणी झाली. टीव्ही पश्चिमेला म्हणून काँगोत गेला, सोफा टांझानियात राहिला, आणि मावशीला रोजच्या मालिका सरोवरापलीकडून बघाव्या लागल्या. उत्तरेचं किचन बुरुंडी झालं, दक्षिणेचं दार झांबिया. “झांबियात चपला काढ रे,” असं दारातच ऐकून नवा पाहुणा पत्ता चुकला की काय म्हणून पुन्हा फ्लॅटचा नंबर बघायचा. मे ते ऑगस्ट तिकडे आग्नेयेचा वारा सरोवरावरून उत्तरेला वाहतो, म्हणून काका त्या महिन्यांत झांबियाच्या कोपऱ्यात टेबलफॅन लावत. “अहो, बंद करा तो वारा! बुरुंडीत माझ्या पोळ्या वाळतायत!” मावशी आतून ओरडायची. कोणी कौतुकाने “काका, तळं छान केलंय” म्हणालं की संपलंच. “तळं? अरे बाप्पा, दोन्हीकडे डोंगर राहिले नि मधली जमीन खचली, तिथे भरलेलं पाणी आहे ते! इतकं खोल, की तळाशी प्राणवायूच नाही. सगळी जीवसृष्टी वरच्या थरात.” तोवर पाहुण्याच्या चहावर साय धरलेली असे.

टांगानिकाचं पाणी जड, क्षारांचं, टाकीतल्या माशांनाही तसंच लागतं. त्यामुळे नव्या नोकरीचा विषय निघाला की लोक पगार विचारतात, काका विचारत, “तुमच्याकडे तूरडाळ शिजते का?” शिजत नसेल तर गाव उत्तम. अर्विंग त्यांनी एका मित्राच्या घरचं कच्चं वरण खाऊन पसंत केलं. मावशी तेव्हापासून डाळीत सोडा घालते आहे.

या वर्षी काकांची नोकरी गेली. खचदरीच्या या माणसाला खचलेलं मी प्रथमच पाहिलं. व्हिसाची मुदत संपायच्या आत दुसरी नोकरी मिळाली, पण सिएटलला. “तिथे डाळ लोण्यासारखी शिजते म्हणे,” मावशी म्हणाली, पण तिच्या आवाजात आनंद नव्हता.

“पाणी जड करायची पावडर मिळते ना, काका?” मी म्हटलं.

“मिळते रे. पण एवढा लांबचा प्रवास नाही झेपायचा माशांना. आणि तिकडे आमचाच पत्ता नाही अजून.”

शेवटी त्यांनी मासे अर्विंगमध्येच माझ्याकडे सोडायचं ठरवलं, आणि मी एक छोटी टाकी आणली. टांगानिकाचे काही छोटे मासे गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत घर करतात, काकांचे त्यांतलेच. पकडायला हात घातला की सुळकन शंखात. मग काकांनी एकेक शंख माशासकट उचलून बादलीत ठेवला, आणि मावशी ती बादली मांडीवर घेऊन माझ्या घरापर्यंत गाडीत बसली. एरवी त्या टाकीला सवत म्हणणारी बाई खड्डा आला की मला “हळू, हळू” करत होती. माझ्या टाकीत काकांनी शंख वाळूत नीट बसवले. “बघ, घरासकट आले. नशीबवान आहेत लेकाचे,” ते म्हणाले.

थोड्या वेळाने मासे बाहेर येऊन फिरू लागले. एक मादी तेवढी येईना. काका काचेला नाक लावून बसले. “ये गं, पाणी तेच आहे,” ते तिला सांगत होते.

त्यांना एअरपोर्टला मीच सोडणार होतो. मी घड्याळ पाहिलं.

“थांब जरा,” मावशी हळूच म्हणाली. “ती बाहेर येऊ दे.”

आम्ही दोघं काकांच्या मागे उभे राहिलो.