उडत्या हिरोचा शिंपी

चिटगुप्प्यातला आमचा शिंपी मशीनच्या खणात उडणाऱ्या हिरोची कॉमिक्स ठेवायचा. आमचे पायजमे महिना-महिना लोंबकळायचे. हिरोच्या पाठीवरच्या झुलीचे टाके मात्र त्याला तोंडपाठ होते.

गावातल्या तंबू-टॉकीजला त्याच हिरोचा सिनेमा आला. हिरो दोरीला लटकून उडत होता आणि पाठीवर झुलीऐवजी फुलाफुलांची चादर होती. शिंपी मध्यंतरातच उठला. "ह्यो हिरो न्हाई, वाळत घातलेलं धुणं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्यानं तंबूतला सिनेमाचा पडदा फाटला. तंबूच्या मालकानं शिंप्यालाच बोलावलं. माझा पायजमा बाजूला टाकून तो दुपारभर पडद्याला बारीक टाके घालत बसला.

"अण्णा, सिनेमाला एवढ्या शिव्या घातल्या, मग पडदा कामून शिवायलाव?" मी विचारलं.

त्यानं दातानं दोरा तोडला.

"हिरो तर तसला निघाला. पडदा तरी धड असू दे."