‘तेर्ने’च्या झाकणाची कडी

‘तेर्ने’ ही टॉर्पेडो नौका इंग्लंडहून आमच्या हॉर्टेन गावच्या गोदीत आली तेव्हा माझे वडील, सीव्हर्ट, एकोणीस वर्षांचे होते. आधी तिच्या नाकाशी एक लांब काठी होती, टोकाला स्फोटक. शत्रूला जवळ जाऊन टोचायचं. पुढे टॉर्पेडो सोडायची नळी बसली. शत्रू कधी आलाच नाही. तिनं पंचवीस वर्षं सराव केला आणि भंगारात निघाली. एवढ्या काळात तिच्यावर एकच माणूस जायबंदी झाला. वडिलांचा तिच्यावरचाच मित्र, भट्टीत कोळसा टाकणारा एलिंग.

वेग हवा असला की भट्टीची खोली बंद करून पंख्यानं आत हवा कोंबत. तेव्हा भट्टीचं दार उघडं असताना डेकवरचं झाकण उघडलं, तर हवेचा दाब सुटून ज्वाळा खोलीत उसळत. म्हणून वरच्यानं टाचेनं तीनदा ठोकायचं, खालच्यानं भट्टीचं दार लावून फावड्यानं दोनदा उत्तर द्यायचं, मगच कडी काढायची. त्या सकाळी वडिलांच्या हातात एलिंगकाकांसाठी कॉफी होती, निवत चाललेली. त्यांनी ठोकलं, आणि उत्तराआधीच कडी काढली.

चौकशीत ते म्हणाले, “कडी झिजली होती. आपोआप निघाली.” डोळे गमावलेल्या एलिंगकाकांनी ते खरं मानलं.

पुढे बावीस वर्षं वडील रोज त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जात.

“बायकोला कंटाळलास की येतोस, होय ना?” काका विचारत. वडील पुढची बातमी वाचत.

नौका तोडायचं ठरलं तेव्हा काका म्हणाले, “एकदा ने रे मला. त्या कडीला तोंडावर शिव्या द्यायच्यात.” वडिलांनी आधी बर्फाचं कारण सांगितलं, मग खोकल्याचं. शेवटी काका मला म्हणाले, “तुझा बाप टाळतोय. तूच ने.” मी घरी सांगितलं. वडील कोट घालून माझ्याबरोबर निघाले.

काका डेकवर गुडघे टेकून बसले. कडी चाचपली, हलवून पाहिली, अंगठ्यानं रेटली.

“घट्ट आहे की.”

“हो.”

“नवी बसवली?”

हो म्हणणं किती सोपं होतं. मी वडिलांकडे पाहत होते.

“तीच आहे,” ते म्हणाले. “मी काढली होती. तुझं उत्तर आलं नव्हतं.”

काकांनी बोटांचं वंगण विजारीला पुसलं.

“आणि मी या बिचारीला शिव्या घालत बसलो,” ते म्हणाले.

परतताना त्यांनी माझा दंड धरला. दाराशी म्हणाले, “उद्यापासून पेपर हिला वाचू दे.”

मी चार वर्षं वाचला. परत आले की वडील चुलीजवळून विचारत, “काय म्हणाला?” मी हेरिंग मासळीचा भाव सांगे, कुठलं जहाज आलं ते सांगे. ते सगळं ऐकून घेत, आणि माझं बोलणं संपलं तरी माझ्याकडे बघत राहत.