बैलां कित्ते?

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, भानामती असलं मी काहीच मानत न्हाई. चौथीत शाळा सोडली, पण डोकं सोडलं न्हाई. तवा वाचणाऱ्यांनी 'म्हातारं चळलं' म्हणू नये.

माझी नात वैशाली कादंबरी लिहून राहिली. आमच्याच लमाण लोकांची जुनी गोष्ट, बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे तवाची. प्रकाशकानं कळवलं, बाकी छान आहे, पण सराईचं, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या जागेचं, प्रकरण खोटं वाटतं; ते बदला, न्हाई तर पुस्तक राहू द्या. पोरगी दोन दिवस धड जेवली न्हाई. मी म्हटलं, वाच बरं. तर काय... सराईत टेबल-खुर्च्या! कोपऱ्यात तलवारवाला दारू पितो, अन् जाडा मालक विचारतो, "कोण रे तू?" सगळं मोबाईलवरच्या मालिकेतून उचललेलं.

माझ्या आजानं लहानपणी तांड्यासंगं बैल हाकले. तो सांगायचा, सराईत नाव-गाव कोणी पुसत नसे. पहिला सवाल एकच — बैल किती? तेवढं पाणी, तेवढा कडबा. अन् आमची माणसं आत जातच नव्हती, कोणी बोलवत बी नसे. भाकरी दारातून बाहेर यायची, बैलांपाशी बसून खायची. वैशालीचा नायक मात्र थेट आत! मी म्हटलं, खोड ते. तर म्हणते, "दादा, तुमी तरी आत पाहिलं का कधी?" आमच्यात आजाला दादा म्हणतात.

म्हणून चिडून तिच्याच स्कुटीवर बसून शिरड शहापूरला गेलो. गावाच्या अलीकडं ओढ्याकाठी जुनी सराई आहे... म्हणजे एक कमान अन् तीन भिंती, छत न्हाई. सकाळचे अकरा, चैत्राचं ऊन, चौफेर हळद काढलेली रानं. माणूस दिसंना. वैशाली मागच्या अंगाला फोटो काढून राहिली, मी कमानीत उभा.

आतून बाईचा आवाज आला. कामात असलेल्या बाईचा, जरा वैतागलेला.

"बैलां कित्ते?"

मला वाटलं, गावातली कोणी टिंगल करून राहिली. मी बी ताठ. म्हटलं, "एक बी न्हाई."

"तो बाहर कायकू खडे, बाबा? अंदर आओ."

अन् भाजत्या भाकरीचा वास आला. बराबर आला, नाक शाबूत आहे माझं. पण पाय उचललाच न्हाई. भीती म्हणाल तर न्हाई. "आमी आत येत न्हाई," असं माझंच तोंड बोलून गेलं.

वैशाली आली, कोणाशी बोलता म्हणाली. सांगितलं तर सरळ आत घुसली. बाभळीचं झुडूप, शेळ्यांच्या लेंड्या, बास. तिनं बाईचा आवाज ऐकलाच नव्हता, माझाच तेवढा ऐकला. गावात विचारलं, तर एक जण म्हणे, ऊन लागलं असंल. मी म्हटलं, ऊन लागल्यावर भाकरीचा वास येतो काय? तो चहा पाजून मोकळा झाला.

ते काय होतं, मला अजून उलगडलं न्हाई. तकलीफ वेगळीच आहे. पोरीनं टेबलं काढली, मालकाच्या जागी सराईत रांधणारी भटियारीण घातली, नायक कमानीपर्यंत बराबर येतो. तिथंच प्रकरण अडलंय. रोज सकाळी वही घेऊन समोर बसते अन् पुसते, "दादा, आत कसं होतं?"

आमच्या इतक्या पिढ्यांत एकाला आत बोलावलं, अन् तो गेला न्हाई. हे तिला कितीदा सांगू?