बाबा गेले त्या दिवशीचा टीव्ही

बाबा गेले त्याच दिवशी पहाटे सिनेमातली ती प्रसिद्ध नटीही गेली, आणि आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात रडारड झाली ती तिच्यासाठी.

माझं डोकं सणकलं होतं. राज्य नवं झालं तेव्हा बदलीवर आलेली किती मराठी बिऱ्हाडं हिंदी मुलखातल्या या शहरात उपरी होती! घरात कोणी गेलं तर खांदा द्यायला नातेवाईक नाहीत, बांबू कुठे मिळतात ते ठाऊक नाही. मग बाबांना निरोप यायचा. ऑफिसचा डबा तसाच ठेवून ते सायकल काढायचे, तिरडी बांधायचे, पोचवून यायचे आणि अंगणात आंघोळ करून मगच घरात. आज त्यांच्याच तिरडीपाशी दोन काका दोरीच्या गाठीवरून भांडून राहिले होते, कारण बाबा होते तोवर ती कुणाला बांधावीच लागली नव्हती. बाकीचे कुजबुजत होते, "काय रूप होतं ना तिचं!" संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावावर तिच्यासाठी मेणबत्त्या लावायचंही ठरलं होतं. अरे, जिने तुम्हाला कधी ग्लासभर पाणी दिलं नाही, तिच्यासाठी एवढं?

आई मात्र कुणासाठीच रडत नव्हती. भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे ठाक. मावशी तिला हलवून म्हणत होती, "रड वो बाई, मोकळी हो. असं आत ठेवलं तर जिवावर बेतते." आईचं हृदय आधीच कमजोर, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता. मी पाणी आणायची, परत न्यायची, दारात जाऊन उगाच चपला नीट लावायची. एका जागी बसवतच नव्हतं.

त्यात शेजारच्या घरातून त्या नटीची गाणी सुरू झाली. मी तरातरा गेले. "भाभी, हमारे यहाँ गमी हुई है और आप गाने सुन रही हैं?" बिचारीने घाबरून टीव्ही बंद केला. तिचेही डोळे रडून लाल झाले होते.

परत आले तर आईने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच बोलली, "काहून बंद केला?"

"आई, आज तुले पण तीच पाहिजे का?"

"चालू कराले सांग म्हणते ना मी!"

मी पाय आपटत गेले. टीव्ही पुन्हा लागला, गाणं भिंतीपलीकडून आलं, आणि आई एकदम ओक्साबोक्शी रडायला लागली.

"लग्न झाल्यावर हाच सिनेमा दाखवाले नेलं होतं वो यायनं मले. अन् स्वतःच झोपून गेले! कोणाच्या तरी मयतीत जागले होते. आख्खा सिनेमा माह्या खांद्यावर डोकं. हे गाणं लागलं तेव्हा उठवलं मी त्यायले."

मावशीने तिला कुशीत घेतलं. मीही तिथेच फतकल मारून बसले आणि तिच्यासोबत रडले.

बाहेर गाठ एकदाची बसली होती. काका दारात येऊन म्हणाले, "वहिनी, उचलायचं का आता?"

आईने पदराने तोंड पुसलं. "जराशीक थांबा," ती म्हणाली. "गाणं होऊ द्या."