टाचा उंबऱ्याकडे

सकाळी अकराच्या सुमारास जेऊरहून फोन आला, तेव्हा मी लोणच्याच्या बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या डकवत होते. अक्का भाच्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला माहेरी गेली होती, चार दिवसांनी परत येणार होती. फोनवर भाचाच होता. "काकू, आत्या गेली. चहा प्याली, कप खाली ठेवला, अन्‌ भिंतीला टेकली ती टेकलीच." मी "बरं" म्हटलं. हातातली चिठ्ठी बरणीवर सरळ लावली, तिचे कोपरे दाबले, आणि मग स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले… या गोष्टीला आता दीड महिना झाला. जुई, अर्णव, तुम्ही तिकडे दूर, परीक्षेच्या गडबडीत, तुम्हाला येता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत इतर वाचकांनी वाचलं तर त्यांचेही आभार, पण लिहिते आहे ते तुम्हा दोघांसाठी.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, तुमची मोठी आजी. मी सोलापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. ती चौथीपर्यंत शिकलेली, जेऊरच्या शेतकरी घरातली. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तिने मला दोन दिवस न्याहाळलं आणि तिसऱ्या दिवशी 'प्रोफेसरीणबाई' असं नाव ठेवलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. माझी कपाटं, याद्या, वेळापत्रकं यांची ती यथेच्छ थट्टा करायची. पण तिचीही एक शिस्त होती. घरी पाहुणे आले, की ते आत पाणी पीत असताना ती बाहेर जाऊन त्यांच्या चपला फिरवून ठेवायची. टाचा उंबऱ्याकडे, बोटं रस्त्याकडे. निघताना माणसाने नुसता पाय घालावा आणि चालू पडावं. मला ते आवडायचं नाही. "अक्का, लोकांच्या चपलांना कशाला हात लावता?" असं मी कितीदा म्हटलं असेल. ती म्हणायची, "आलेल्याला पानी देत्यात, मग जानाऱ्याला वाट का देऊ न्हाई?" मी मात्र ते कधी केलं नाही.

आम्ही दोघी तुमच्याकडे ब्रसेल्सला आलो, त्याला सात वर्षं झाली. जुई दहा वर्षांची होती, अर्णव सहाचा. खरं सांगते, अक्काला मी सोबत म्हणून नेलं नव्हतं, तिला सांभाळावं लागेल अशा तयारीनेच नेलं होतं. विमानात तिला पट्टा कसा लावायचा हे मी तीनदा सांगितलं. तुम्हाला भेटायला मात्र मी उतावीळ झाले होते. फोनच्या चौकोनात दिसणारी नातवंडं आता प्रत्यक्ष भेटणार… आणि भेटलात तेव्हा तुम्ही दोघं इतके सभ्य होतात की माझा जीव दडपला. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं, तेही इंग्रजीत, आणि खोलीत निघून जायचं. मी सोलापूरहून मराठी वाचनमाला नेली होती. रोज दहा ते अकरा मराठी, असं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. तिसऱ्या दिवशी अर्णव दहा वाजता पलंगाखाली सापडला. अक्का म्हणाली, "प्रोफेसरीणबाई, नातवंडं हायत ती, परीक्षार्थी न्हाईत."

पुढच्या सोमवारपासून तुमचा सुट्टीतला कॅम्प सुरू होणार होता. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या खिडकीतून ट्राम पाहत बसणार. शनिवारी मी तुमच्या आईला, माझ्या मंजूला, म्हटलं, "उद्या आम्हाला मुलं दे. ब्रुज दाखवून आणते. तासाभराची गाडी आहे, नकाशा मला वाचता येतो." मंजू म्हणाली, "आई, तुम्ही दोघीच? दोन मुलांना घेऊन? परक्या गावात?" मग थोडा विचार करून तिने अट घातली. सहाच्या आत घरी यायचं, सगळ्यांनी धड यायचं, आणि मधे एकदाही 'आम्हाला घ्यायला या' असा फोन करायचा नाही. एवढं जमलं तर कॅम्प रद्द, पुढचे दोन आठवडे मुलं आमची. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

त्या रात्री मी पंधरा-पंधरा मिनिटांचा कार्यक्रम आखला. अक्काने कापडी पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आपल्या सोलापूरचे दोन पांढरे पंचे घेतले. "पंचे कशाला?" मी विचारलं. "पंचा लागतूच," ती म्हणाली.

ब्रुज तुम्हाला आता पाठ असेल, पण तेव्हा आपण सगळेच नवे होतो. कालव्यांच्या काठाने पायऱ्या-पायऱ्यांच्या उतरंडीसारखी छपरं असलेली विटांची घरं, काळसर पाण्यात हंस, आणि चौकात मान मोडेपर्यंत वर बघावं असा घंटेचा मनोरा. सगळं वेळेत चाललं होतं. होडी वेळेत, मनोरा वेळेत, माझी ऐतिहासिक माहितीही वेळेत. हे शहर आपल्या सोलापूरसारखंच कापडावर मोठं झालेलं, इथले विणकर, इथले व्यापारी, असं मी सांगत होते आणि जुई कानांत बोंडं घालून गाणी ऐकत होती. अर्णव दर दहा मिनिटांनी विचारत होता, "आर वी डन?" कालव्याच्या काठावर आपण भाकरी मोडून खाल्ली तेवढाच वेळ तो खुश होता, कारण चटणीने त्याचे कान लाल झाले आणि अक्काने त्याचे कान धरून त्यांवर फुंकर मारली. मला कळत होतं, आपण वेळेत घरी पोचू, पण मुलं काही आपली होणार नाहीत.

साडेतीनला आपण त्या जुन्या चर्चपाशी आलो. मी पुढच्या दारावरची पाटी वाचत उभी राहिले. पाटी मी नेहमी पूर्ण वाचते. तेवढ्यात अक्का तुम्हाला घेऊन बाजूच्या दाराने आत गेली. मी मागून आत शिरले तर पाहते, त्या गार दगडी फरशीवर तुम्ही तिघं अनवाणी उभे! मधे नऊवारीतली अक्का, दोन्ही बाजूंना तुम्ही, तिघांच्या माना वर, रंगीत काचांतून आलेला निळा-तांबडा उजेड पायांवर. जुईच्या कानांत बोंडं नव्हती.

"अक्का, चपला कुठायत?" मी हळूच विचारलं.

"भाईर. देवाच्या दारात कुनी चपला घालून जातं व्हय?"

"इथे तशी पद्धत नाही हो!"

तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. मी बूट जरा मागे घेतले, जणू ते कुणा दुसऱ्याचे होते.

बाहेर आलो तर दाराशी काही नव्हतं. तुमचे खेळाचे बूट नाहीत, अक्काच्या चपला नाहीत. मी आत जाऊन तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारांना विचारलं. ते बिचारे कपाळाला हात लावून खालीच बसले. त्यांनी ते जोड पाहिले होते. ओळीने, एकाच दिशेला तोंड करून, इतके नीट लावलेले की त्यांना वाटलं, कुणीतरी गरजूंसाठी दान ठेवून गेलं. विसरलेली वस्तू कशीही पडते. हे तर कुणीतरी हाताने मांडलं होतं. जुने कपडे-बूट गोळा करणारी गाडी तेवढ्यात आली, आणि त्यांनी आपल्या हातांनी ते जोड पिशवीत घालून दिले. आता गाडी कुठे असेल, त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी अक्काकडे वळले. "घ्या! तुमची ती चपला फिरवायची सवय…"

घड्याळात पावणेचार. सव्वाचारची गाडी चुकली तर सहाच्या आत पोचणं शक्य नव्हतं. बुटांचं दुकान शोधायचं तर स्टेशनच्या उलट दिशेला जावं लागणार होतं. आणि त्या दिवशी गावात सायकलींची शर्यत होती, म्हणून बस, टॅक्सी सगळं बंद. दोन्ही बाजूंना कठडे लावलेल्या दगडी रस्त्याने पंचवीस मिनिटं चालायचं. मी पर्समधून फोन काढला.

अक्काने माझं मनगट धरलं. "फोन केलास की संपलं. पोरं सोमवारी कॅम्पात, आन्‌ आपन खिडकीत."

"मग काय करायचं? त्यांचे पाय सोलतील."

"माझे सोलले व्हते का? वैशाखात आमी जेऊरच्या रानात कशी जायचो?" असं म्हणून ती चर्चच्या पायरीवर बसली, पिशवीतले पंचे काढले, दातांनी कड तोडली आणि टर्र‌-टर्र फाडले. एका पंच्याचे तीन, दुसऱ्याचे तीन. सहा पाय, सहा पट्ट्या. अर्णवचा पाय मांडीवर घेऊन तिने अंगठ्यापासून घोट्यापर्यंत अशी पट्टी गुंडाळली की मी पाहतच राहिले. टाचेवर दुहेरी, घोट्यापाशी गाठ बाहेरून. मग जुईचे पाय, मग स्वतःचे. रखवालदार कंदील धरल्यासारखे पाण्याची बाटली धरून उभे होते. मी त्यांना घरचा पत्ता लिहून दिला.

तेव्हा जुईने मला विचारलं. आठवतं का तुला? आठ दिवसांत तू माझ्याशी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य ते, आणि तेही मराठीत. "आजी, तू का बूट घातलेस?"

मी बूट काढले. पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून पायमोज्यांवरच उभी राहिले. बूट पर्समध्ये मावेनात, तेव्हा वेळापत्रक काढून टाकलं आणि बूट कोंबले.

पुढचं आयुष्यभर विसरणार नाही. शर्यत यायला वेळ होता. कठड्यांमागे माणसांची भिंत, हातांत झेंडे, टाळ्या वाजवायला आतुर झालेली, आणि समोर रस्ता रिकामा. त्या रिकाम्या रस्त्याच्या कडेने आपण निघालो. पुढे हिरव्या नऊवारीत अक्का, काष्टा घट्ट खोचलेला, पायांना पांढऱ्या पट्ट्या. दोन्ही हातांना तुम्ही. मागे मी, पायमोज्यांत, पर्स छातीशी धरून. आधी एका बाईने टाळ्या वाजवल्या. मग तिच्या शेजारच्यांनी. मग ती टाळी आपल्या पुढे-पुढे पळू लागली, वळणापलीकडे, पुलावर… अर्णवने आधी मान खाली घातली, मग वर पाहिलं आणि हात हलवला. गर्दी ओरडली. "मोठी आजी, दे आर क्लॅपिंग फॉर अस!" अक्का म्हणाली, "मग? आपुन पैले आलोय की! सायकलवाले आजून मागं हायत. पळ!" आणि चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई त्या गोट्यांच्या रस्त्यावर चक्क धावली. जुई हसत होती, इतकं की तिला धाप लागली. मीही धावले. कॉलेज सोडल्यापासून मी पहिल्यांदा धावत होते.

गाडी सुटायला तीन मिनिटं असताना आपण डब्यात होतो.

सहाला दहा कमी असताना मंजूने दार उघडलं. तिने आधी चेहरे मोजले. मग नजर खाली गेली. सहा मळके पांढरे पाय आणि अंगठ्यांशी भोकं पडलेले माझे मोजे. "बूट कुठायत?"

मी बोलणार, तेवढ्यात अर्णव छाती काढून म्हणाला, "देवाला दिले!"

मंजूने माझ्याकडे पाहिलं. अक्का पुढे झाली. "सहाच्या आत आलो का न्हाय? फोन केला का? पोरं धड हायत का? बोटं मोज पायजे तर. बुटांचं कुटं ठरलं हुतं?" मंजू तिथेच दारात मटकन बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कॅम्प रद्द झाला.

ते दोन आठवडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. वाचनमाला बंदच राहिली. तुम्ही दोघं आज जे मराठी बोलता, ते तेव्हाचं. माझ्या पुस्तकातलं नाही, जेऊरचं. परवा फोनवर जुई म्हणाली, "आजी, मला लई आठवण येती तिची." मी ते वाक्य सुधारलं नाही, तसंच राहू दिलं.

आम्ही दोघी परत निघायच्या आधी ब्रुजहून पार्सल आलं. तुमचे बूट मिळाले होते, अक्काच्या चपला नाहीत. रखवालदारांनी माफी मागणारं पत्र लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवल्यावर अक्का खूश झाली. "गावल्या आसतील कुनाला तरी. चालू दे." पुढे सात वर्षं ती आल्या-गेल्याला सांगायची, "मी हितं बसलीया, पर माझ्या चपला युरपात फिरत्यात."

तिच्या तेराव्याला घरात पन्नास-साठ माणसं होती. पंगत बसली आणि मी बाहेर आले. पायरीवर चपलांचा ढीग, एकावर एक, कुणाची कुठेही. पन्नास वर्षांत ज्याला मी हात लावला नव्हता ते काम माझ्यापुढे पडलं होतं. गुडघे दुखतात, म्हणून पायरीवर बसले आणि एकेक जोड शोधून लावत गेले. टाचा उंबऱ्याकडे, बोटं रस्त्याकडे. जेवून माणसं बाहेर आली, कुणीही खाली वाकलं नाही, कुणी काही विचारलं नाही. सरळ पाय घातले आणि निघाले. तिला हे पाहून रोज काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि काल, अर्णव, तुझा फोटो आला. तुझ्या वाढदिवसाचा. केकचा नाही, तुमच्या दाराचा. होड्यांएवढे तुझ्या मित्रांचे बूट, रंगीबेरंगी, दहा-बारा जोड, सगळे ओळीत. मी चष्मा पुसून, फोटो मोठा करून नीट पाहिले. सगळ्यांच्या टाचा उंबऱ्याकडे. खाली तू एवढंच लिहिलं होतंस, "बरोबर हाय का?"

व्हय रे बाळा. अगदी बरोबर हाय.